रोशनीचे वरचे दात

माझी भाची रोशनी. तिचे वरचे दात आधी आले तेव्हा आमच्या वस्तीवर केवढा कालवा झाला म्हणून सांगू! खालचे दात आधी यावेत ही रीत. वरचे आधी आले की मामावर भार येतो, असं आमच्याकडं मानतात. माझी आई झुंबरबाई, तिनं पोरीच्या हिरडीवरून बोट फिरवलं अन् कपाळाला हात लावून मटकन खाली बसली.

"मोहिने, तुझ्या भावाला सांगावा धाड. आत्ताच्या आत्ता."

मोहिनी म्हणजे माझी भावजय, माझ्या धाकट्या भावाची, पुंजाची बायको, रोशनीची आई. माहेर देवळ्याकडचं. तिचा भाऊ योगेश तेव्हा नाशकात अंबडला कंपनीत नुकताच लागला होता. नवीन नोकरी, सुट्टी मागायची चोरी. तरी आला बिचारा. नवी कोरी काशाची वाटी घेऊन आला. त्या वाटीत दहीभात कालवून मामानं भाचीला भरवायचा अन् वाटीची कड तिच्या दाताला लावायची, म्हणजे भार उतरतो. साऱ्या बाया जमल्या. जी येई ती रोशनीचा ओठ वर करून ते दोन तांदूळ बघे. पोरगी रडून रडून लालबुंद झाली.

"झालं, सुटलास बाबा," आई योगेशला म्हणाली. "आता काय बी भ्या नाय."

मामा सुटला. पोरीचं काय? मला संताप येतो तो याचा. त्या दिवशी अख्ख्या वस्तीनं तिच्या तोंडात डोकावून पाहिलं. पुढं तेच दात पिवळे झाले, तपकिरी झाले, काळे पडून झिजले, तेव्हा एक माईचा लाल फिरकला नाही. उलट हसायला मात्र सगळे आले.

मी मालन, पुंजाची थोरली बहीण. नवऱ्याशी पटलं नाही, आले माहेरी, ती राहिलेच. फुकट कुणाचं खात नव्हते. मी अन् मोहिनी दोघी विंचूरला रावजीशेठच्या खळ्यावर कांदा निवडायला जायचो. खळं म्हणजे धान्याचं नव्हे, कांद्याच्या व्यापाऱ्याचं. बाजारात घेतलेला कांदा ट्रॅक्टरनं येऊन तिथं ओतायचा. बायांनी ढिगापुढं ओळीनं बसायचं. मोठा एकीकडं, गोल्टी, म्हणजे बारका, एकीकडं, सडका मागं फेकायचा. मग गोण्या भरून, शिवून ट्रकमध्ये. सकाळी बसलेली बाई जेवायला उठली तर उठली. नाकातोंडात फोलपटं, डोळ्यांना धार, अन् बोटांच्या पेरांत काळा चीक बसलेला. तो साबणानं निघत नाही. अंगाला इतका वास की एस्टीत शेजारी बसलेली बाई पदर नाकाला लावायची.

खळ्यावर पत्र्याची शेड होती, पण ती अर्ध्याच खळ्यावर. उरलेलं अर्धं उघडं. तिथं ऊन असं की कांदासुद्धा भाजावा. कोणी सावलीत बसायचं अन् कोणी उन्हात, हे दिनेश मुकादम ठरवायचा. अन् त्याचा नेम एकच. जिचं पोर रडेल, ती उन्हात.

"पोर रडलं की बाई उठती. बाई उठली की ओळ मोडती," असं म्हणायचा. "शेठला ओळ मोडलेली चालत नाय."

आता बायांनी पोरं ठेवायची कुठं? घरची म्हातारी शेळ्यांमागं, नवरा हमालीला. मग गोणपाटाची झोळी बांधायची, जरा चालतं झालेलं असलं तर बारदानाच्या थप्पीआड बसवायचं. अन् दिनेशनं त्यावर उपाय काढला होता. त्याच्या सदऱ्याचा खिसा कायम फुगलेला. लाल, पिवळ्या, हिरव्या साखरेच्या गोळ्या. पोर कुरकुरलं की हा हजर.

"आ कर. हां! शहाणं बाळ."

पोर गप. बाई गप. ओळ सरळ.

बाया त्याचं कौतुक करायच्या. "मुकादमाला लेकरांची लय माया." भागीबाई माझ्याशेजारी बसायची, तिचा नातू दिनेशला बघून लांबूनच तोंड उघडायचा. माया कसली डोंबलाची! ओळीची माया ती. पण तेव्हा मोहिनीलाही बरंच वाटायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोशनीच्या गालात एक गोळी विरघळत असायची. एक संपली की दुसरी. अन् मोहिनी सावलीत.

घरी आल्यावर तरी काय वेगळं! माझ्या आईचा नातीवर जीव. खोटं नाही बोलत, खरंच जीव. तिच्या लेखी जीव लावणं म्हणजे गोड खाऊ घालणं. आम्ही पहाटे पाणी भरायला, सरपणाला बाहेर पडायचो तेव्हा पोरगी उठून रडू नये म्हणून आईनं बाटली लावलेली. दुधाची नव्हे. दूध डेअरीला जायचं. बाटलीत चहा, त्यात मूठभर साखर. पोरगी बूच चोखत चोखत परत झोपायची, बाटली तोंडातच. निजतानाही तीच बाटली. दोन वर्षांची झाली, तीन वर्षांची झाली, बाटली काही सुटली नाही.

अन् दात घासणं? आमच्या घरात दात घासणं म्हणजे मशेरी. तव्यावर तंबाखू जाळून काळी पूड करायची, डबीत भरायची अन् सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळत उंबऱ्यात बसायचं. आई लावायची, पुंजा लावायचा, मी लावायची. लेकरांच्या दातांना काही लावावं असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मोहिनीनं एकदा विंचूरच्या आठवडे बाजारातून बारका ब्रश आणला. लाल रंगाचा.

आई हसली. "दुधाच्या दाताला बुरूस? अगं, ते पडायचेच हायेत. पडनाऱ्या भितीला कोन गिलावा करतं?"

पुंजाही हसला. मोहिनीनं ब्रश गोठ्याच्या भिंतीतल्या खुंटीला अडकवला. पुढं पुंजा त्यानंच सायकलची चेन साफ करायचा.

पोरीचे दात असे गेले. आधी हिरडीजवळ खडूसारखी पांढरी रेघ. मग ती रेघ पिवळी. मग वरच्या चारी दातांना तपकिरी खड्डे. मग दात खालून झिजत झिजत वर गेले अन् नुसते काळे खुंट राहिले. हसली की म्हातारीसारखी दिसायची. नात्यात एक लग्न होतं, तिथं कुणीतरी तिला उचलून घेतलं अन् मांडवात ओरडलं, "ही बघा, नवरीच्या आधी हीच म्हातारी झाली!" सारा मांडव हसला. पुंजासुद्धा हसला. रोशनीही हसली, तिला वाटलं आपलं कौतुक चाललंय. मोहिनी तेवढी उठून मागं पाण्याच्या टाकीकडं गेली. मी गेले तर पदरात तोंड घालून उभी.

"आक्का, सासरी कोन घेईल हिला?"

"गप ग. पडतील अन् नवे येतील." मी आपलं आईचंच बोलणं तिला ऐकवलं. दुसरं काही ठाऊक कुठं होतं.

त्या वर्षी उन्हाळ कांदा उदंड झाला. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार. रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग, खळ्यावर ढिगापुढं ढीग. शेठ स्वतः खुर्ची टाकून बसायला लागला. दिनेशच्या अंगात आलेलं. "हात चालवा, हात!" एवढंच दिवसभर. अन् नेमकी तेव्हाच रोशनी रडायला लागली.

साधं रडणं नव्हतं ते. गोळी तोंडात घातली की आधी किंचाळायची. मग गोळी थुंकायची. मग पुन्हा तीच मातीतली गोळी उचलून तोंडात. सवय लागलेली, अन् दातांत ठणका. धड चोखवेना, धड सोडवेना. भाकरीचा तुकडा दिला तर मागच्या दाढेकडं ढकलायची, तिकडंही दुखायचं, की बाहेर. नुसता चहा पिऊन राहिलेली. तीन वर्षांची पोर, हाताच्या काड्या झालेल्या.

"मोहिने," दिनेशनं बोट दाखवलं. "तिकडं."

मोहिनी उठली. पाटी उचलली, पोरीला काखेत मारलं अन् उन्हात जाऊन बसली. भागीबाईनं सरकून तिची जागा घेतली. मी म्हटलं, "मुकादम, पोरीचं तोंड सुजलंय, जरा बघा तरी."

"मी काय दातांचा डॉक्टर हाय का आक्का? दोन गोळ्या दे तिला. एकीनं भागत नाय आता." अन् माझ्याच हातात दोन गोळ्या ठेवल्या. मी त्या मागं सडक्या कांद्यात फेकल्या. त्यानं बघितलं.

"फेक, फेक," म्हणाला. "उद्या तू बी तिकडंच बस."

मी बसले. दोघी उन्हात बसलो. डोक्यावर ओलं फडकं, दहा मिनिटांत वाळून कडक. रोशनी बारदानाच्या तुकड्याखाली. त्या दिवसांत मोहिनीच्या मानेची सालं निघाली. पण ती उठून घरी बसायला तयार नव्हती. हंगामात जागा सोडली की दुसरी बाई येते, अन् मग पुढच्या हंगामापर्यंत बस चुलीपाशी सासूचं तोंड बघत.

एका सकाळी रोशनीचा डावा गाल टरारून सुजला. डोळा अर्धा मिटलेला. अंग तव्यासारखं. त्या दिवशी शेळ्या बांधून ठेवल्या अन् तिला घरीच ठेवली, आईपाशी. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोहिनीला राहवेना. म्हणाली, "आक्का, मी बघून येते." मी पण निघाले तिच्यासंगं. वस्ती काही लांब नाही, कालव्याच्या कडेनं गेलं की आलीच.

घरात शिरलो तर अगदी शांत. आई भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर रोशनी. आईच्या तोंडावर समाधान.

"निजली बघ," आई म्हणाली. "किती दिवसांनी निजली माझी बाय."

मोहिनी वाकली. पोरीचे ओठ काळे. हनुवटीवर काळी लाळ. मान लुळी पडलेली. मी डबीकडं बघितलं. आईच्या बाजूला मशेरीची डबी उघडी पडली होती.

"काय लावलं तुमी हिला?"

"वाईच हिरडीला चोळली. ठनका मरतो. आमाला आमच्या आईनं हेच केलं. मेलो का आमी?"

मोहिनीनं पोरीला हिसकून घेतलं. तेवढ्यात रोशनीला ओकारी आली. सारं काळं पाणी मोहिनीच्या अंगावर. पुन्हा ओकली. पुन्हा. डोळे वर फिरवले तशी मी घागरीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं, बोटाला फडकं गुंडाळून तोंड आतून पुसून काढलं. जरा वेळानं पोरगी रडली. बारीक आवाजात, पण रडली. ती रडली तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मोहिनीनं तिला माझ्याकडं दिलं. डबी उचलली. चुलीत निखारे होते. डबी तशीच निखाऱ्यात घातली. सासूच्या देखत.

घरभर उग्र धूर झाला. आई खोकत उठली. "माझी डबी! माझ्या आईची डबी होती ती, मुडद्याचे!"

"तुमच्या आईची डबी गेली. माझी पोर गेली असती." मोहिनी पहिल्यांदा सासूच्या डोळ्याला डोळा लावून बोलली.

संध्याकाळी पुंजा आला. आईनं आधीच रडून घर डोक्यावर घेतलेलं. पुंजानं सगळं ऐकलं, म्हणजे आईचं सगळं ऐकलं, अन् बायकोवर हात उगारला. मी मध्ये उभी राहिले.

"मार," म्हटलं. "आधी मला मार. अन् मारून झालं की एकदा तुझ्या पोरीचं तोंड उघडून बघ. बाप हायेस ना तिचा? दात आले त्या दिवशी बघितलं होतं, त्यानंतर कधी बघितलं का? लग्नात हसायला तेवढा पुढं!"

हात खाली आला. पण बघितलं नाहीच त्यानं. बाहेर जाऊन सायकल पुसत बसला. आमचा पुंजा वाईट नाही, पण असा आहे. घरात काही पेटलं की याची सायकल घाण झालेली असते.

मोहिनी सकाळी उठली ती थेट विंचूरला गेली अन् टेलिफोनच्या बूथवरून अंबडच्या कंपनीत फोन लावला. योगेश दुपारच्या गाडीनं हजर. दाढी वाढलेली, पायात कंपनीचे बूट तसेच. त्यानं ना चहा घेतला, ना पाणी. पोरीला उचलून खांद्यावर टाकलं.

"चल ताई. नाशकात माझ्या खोलीजवळ दातांच्या डॉक्टरीणबाई हायेत."

आई दारातून म्हणाली, "कंपनी बुडवून आलास? दातासाठी?"

"मागं वाटी घेऊन आलो तवा बी बुडवलीच होती, आत्या," तो म्हणाला. "तवा तुमाला चाललं."

मी पण गेले. एस्टीत पोरगी पूर्ण वेळ मामाच्या खांद्यावर. सूज त्याच्या मानेला टेकलेली, म्हणून त्यानं मान हलवली नाही.

दवाखाना काचेचा, पंख्याचा. आम्ही आत गेलो तशी बाकावरची बाई सरकून बसली. कांद्याचा वास. डॉक्टरीणबाई तरुण, गोऱ्या. त्यांनी दिवा लावला, रोशनीचा ओठ उचलला अन् त्यांचा चेहराच बदलला. मोहिनीकडं वळल्या.

"आई कोण? तुम्ही? हे एका दिवसात झालं का? काय देता हिला?"

मोहिनीनं खाली मान घालून सांगितलं. बाटली. चहा. गोळ्या.

"तोंडात बाटली ठेवून झोपवता? दिवसभर गोळ्या? अहो, आई आहात ना तुम्ही? थोडी तरी अक्कल वापरायची! मुलं जन्माला घालता अन्..."

मोहिनी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभी. मला भडका उठला. माझं तोंड तसंही ताब्यात राहत नाही.

"बाई, तुमी डॉक्टर हायेत, तुमचं खरं असंल," मी म्हटलं. "पन तिला एकटीला नका बोलू. बाटली माझ्या आईनं लावली. गोळ्या मुकादमानं दिल्या. हसला पोरीचा बाप. बुरूस आनला तो हिनं एकटीनं, त्यो बी सायकलीला लागला. तुमच्यापुढं उभी हीच, म्हनून शिव्या बी हिलाच? बाकीचे कुठं हायेत, तिकडं जाऊन बोला की!"

योगेश म्हणाला, "आक्का, आक्का..." पण मी थांबले नाही. "अन् सावलीत बसायचं तर पोर गप ठेवायचं, असा नेम हाय आमच्याकडं. तुमच्याकडं हाय का?"

मला वाटलं आता हाकलतात. पण डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं अन् मोहिनीला म्हणाल्या, "बसा." मग आवाज उतरवून सांगायला लागल्या. दुधाच्या दातांच्या मुळाशीच पक्के दात तयार होत असतात. दात सडला की पू मुळाशी उतरतो, पक्क्या दातालाही लागू शकतो. पडायचेच आहेत म्हणून सोडायचे नसतात. गोड एकदाच जेवणासोबत द्या, दिवसभर तोंडात ठेवू नका. बाटली आजपासून बंद. काही खाल्लं की चूळ. सकाळी अन् झोपताना ब्रश, तोही तुम्ही स्वतः तिचं डोकं मांडीवर घेऊन करायचा, पोरीच्या हातात देऊन नाही. एवढंच. या एवढ्याशा गोष्टी आम्हाला आजवर कुणीच सांगितल्या नव्हत्या, अन् सांगितल्या तर शिव्यांसकट.

आधी सूज उतरायचं औषध दिलं. सूज उतरेपर्यंत योगेशच्या खोलीवर राहिलो, मग पुन्हा जाऊन वरचे चारी खुंट काढले. सुई टोचली तेव्हा रोशनीनं मामाच्या मनगटाला चावा घेतला. वर चावायला दात तरी होते कुठं, नुसते खुंट रुतले. योगेश हसला अन् हसता हसता डोळे पुसले.

डॉक्टरीणबाईंनी ते खुंट कापसात गुंडाळून मोहिनीच्या हातावर ठेवले. काळे, पोखरलेले, मसुराएवढे.

घरी आलो. आई ओट्यावर बसलेली. डबी गेल्यापासून मोहिनीशी बोलत नव्हती. कापूस बघून म्हणाली, "दे इकडं. कौलावर टाकते. उंदीर नेतो अन् नवे देतो, तशी रीत हाय."

"नाय," मोहिनी म्हणाली. "हे पडलेले नायत आत्याबाई. काढलेत. हे कौलावर जायचे नाय."

तिनं पुडी कमरेला खोचली. त्या रात्री बाटली चुलीमागं गेली. रोशनी लय रडली. आईनं कानात बोळे घातले अन् बाहेर जाऊन निजली. मोहिनीनं पोरीला थोपटलं, रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोरीला घेऊन खळ्यावर गेलो. मी म्हटलं होतं, "कशाला नेतेस? अजून जखम नाय वाळली पुरती." मोहिनी म्हणाली, "न्यायचीच हाय."

उन्हातली जागा कोण घेणार, ती आमचीच होती, आम्ही तिथं बसलो. ऊन चढलं. ट्रक लागलेला, शेठ खुर्चीवर. भागीबाईचा नातू कुरकुरला तशी दिनेशची स्वारी निघाली. खिशात हात घालत ओळीमधून आली. जाता जाता त्याला रोशनी दिसली.

"अरे वा, आली का म्हातारी! घे, आ कर."

रोशनीनं तोंड उघडलं. सवय ती. वरची हिरडी नुसती लाल, चार भोकं. दिनेशचा हात गोळीसकट तसाच थांबला.

मोहिनी उठली. "मुकादम, हात पुढं करा."

"काय?"

"करा की. रोज तुमी देता, आज मी देते."

त्यानं हसत हसत तळहात पुढं केला. त्याला वाटलं असेल पोर बरी झाली म्हणून पेढा-बिढा. मोहिनीनं कमरेची पुडी सोडली अन् ते चार काळे खुंट त्याच्या तळहातावर, लाल गोळीशेजारी ओतले.

"ह्या तुमच्या गोळ्या. इतकी वर्षं दिल्या. हिशेब परत घ्या."

दिनेशनं हात झटकला. विंचू चावल्यागत. दात फोलपटांत पडले. "ए! डोकं फिरलं का तुझं? निघ! निघ इथून!"

"निघते," मोहिनी म्हणाली. पण निघाली नाही. खाली बसली अन् फोलपटांतून एकेक दात वेचायला लागली, गोल्टी वेचावी तशी. तीन सापडले. चौथा शोधत ती ओळीपर्यंत गेली. तो भागीबाईच्या पायापाशी पडला होता.

भागीबाईनं तो उचलला. चिमटीत धरून बघितला. मग तिनं नातवाला मांडीवर आडवा घेतला अन् त्याचा ओठ वर केला. आमच्या वस्तीत साऱ्या बायांनी रोशनीचा केला होता तसा. बराच वेळ बघत राहिली. शेजारच्या लताबाईनं बघितलं. मग तिनं आपल्या पोराचं तोंड उघडलं. ओळीत एकेक बाई हातातला कांदा खाली ठेवून आपल्या पोराच्या तोंडात बघायला लागली. पांढरी रेघ, पिवळी रेघ, काळा खड्डा. प्रत्येकीला काही ना काही दिसत होतं.

"हात चालवा!" दिनेश ओरडला. त्यानं घाईघाईनं भागीबाईच्या नातवापुढं गोळी धरली. पोरानं आ केला. भागीबाईनं पोराच्या तोंडावर आपला काळा हात ठेवला.

पोरगं भोकाड पसरून रडायला लागलं. त्याचं ऐकून दुसरं. थप्पीआडची रडली, झोळीतली रडली. बाया पोरं घेऊन सावलीतच बसून राहिल्या. कुणी उन्हात गेलं नाही, कुणी गोळी घेतली नाही. इतकी वर्षं त्या खळ्यावर काम केलं मी, पण पोरांचं असं रडणं पहिल्यांदा ऐकलं. आजवर सगळं गालात विरघळत होतं ना!

रावजीशेठ खुर्चीतून उठून आला. "काय चाललंय काय? दिनेश, कसला आवाज हाय ह्यो?"

दिनेशचा हात खिशातच.

मोहिनी रोशनीला काखेत घेऊन सावलीत आली, भागीबाईच्या शेजारी बसली.

"पोरं हायेत, शेठ," ती म्हणाली. "पोरं रडत्यात."

मग तिनं फडकं सोडलं, दुधात कुस्करलेली भाकरी काढली अन् शेठच्या देखत पोरीला भरवायला लागली.